चिलटांवर संशोधन करायला लेकीला पाठवावं का?

पत्र असं आहे:

«नमस्कार बाई. आम्ही तासगाव तालुक्यातले. तीन एकर द्राक्षबाग आहे. मुलगी सांगलीला टी. वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय प्राणिशास्त्र. तिला मेंदूवर संशोधन करायचंय. मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दोन महिने राहून आली. तिथं म्हणे केळ्यावर बसतात ती चिलटं बाटल्यांत पाळतात आणि कुठल्या चिलटाला काय आठवतं ते तपासतात. आल्यापासून जेवायला बसली तरी तेच सांगते. आता पीएच.डी.च करायची म्हणते. तिचे वडील म्हणतात, बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षा दे. माझं दुखणं वेगळंच आहे. माझ्या धाकट्या दिरांना पंचविशीत स्किझोफ्रेनिया झाला. ते आमच्यातच असतात, मिरजेच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. मुलगी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. ती तोंडानं बोलत नाही, पण काकांना बरं करायचं म्हणूनच ती हे धरून बसलीय असं मला वाटतं. भावकीतल्या बायका म्हणतात, वेड्यांचा अभ्यास करून ही पण तसलीच होईल, आणि घरात असं माणूस असताना लग्न कसं जमायचं? आमचं घर माळकरी. तिथं उंदीर मारावे लागतात असं ऐकलं. एवढं शिकून चिलटं पाळायची, तर त्यातून मनाचा अभ्यास कसा होणार? पाठवावं का तिला? आणि हे दिरांना सांगायचं का?»

ताई,

पाठवा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. मात्र पाठवण्याआधी काकांचा विषय तिच्याशी एकदा उघड बोला. तुमचं खरं दुखणं तिथं आहे आणि ते तुम्ही अचूक ओळखलंय. त्याकडे येतेच, पण आधी चिलटं. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, आणि तुमच्या प्रश्नातलं नवल मला अगदी रास्त वाटतं.

पिकल्या केळ्यावर, सडक्या द्राक्षावर घोंघावणारी ही चिलटं जगभरच्या प्रयोगशाळांत शंभरहून अधिक वर्षं पाळली जाताहेत. खायला थोडं लागतं, दहा-बारा दिवसांत अंड्याचं पूर्ण चिलट होतं, त्यामुळं पिढ्यान् पिढ्या पाहता येतात. चिलटाच्या मेंदूत सुमारे 1 लाख 40 हजार चेतापेशी असतात; 2024 साली त्या सगळ्यांचा, कोणती पेशी कुणाला जोडलेली आहे त्यासकट, नकाशा पूर्ण झाला. आपल्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी. आकड्यांत अंतर प्रचंड आहे, पण पेशीचं काम चालतं ते सारखंच. सोडियम-पोटॅशियमच्या ये-जा करण्यातून विजेची लहर उठते आणि पेशीच्या टोकाला रसायन सुटून निरोप पुढच्या पेशीकडं जातो. चिलटातही, तुमच्या-माझ्यातही.

आता आठवण कशी तपासतात ते सांगते. कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर नावाचे शास्त्रज्ञ होते. मूळचे पदार्थविज्ञानाचे, मग जनुकांकडे वळलेले. वागणूक जनुकांतून कशी उतरते हे त्यांना शोधायचं होतं. त्यांच्या गटानं केलं ते असं: चिलटांना एक वास द्यायचा आणि त्याच वेळी पायाखाली विजेचा हलका झटका. मग दुसरा वास, झटका नाही. साधी चिलटं हे शिकतात आणि पुढच्या वेळी पहिल्या वासापासून लांब पळतात. 1976 साली त्यांना असा एक वाण सापडला की ज्याला दोन्ही वास नीट कळत, झटकाही जाणवे, पण या वासाबरोबर झटका येतो हे काही लक्षात राहत नसे. दोष निघाला एका जनुकात. पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा एक रेणू असतो, तो मोडण्याचं काम त्या जनुकाकडं होतं.

त्याच काळात न्यू यॉर्कला एरिक कँडेल एका समुद्री गोगलगायीवर काम करत होते. हा माणूस मनोविकारतज्ज्ञाचं शिक्षण घेतलेला. मनोविश्लेषणाच्या ओढीनं वैद्यकाकडं आला, आणि आठवण समजून घ्यायची तर सुमारे 20 हजारच चेतापेशी असलेला प्राणी बरा, असं म्हणून गोगलगाय घेऊन बसला. तिच्या काही पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात एवढ्या मोठ्या असतात. तिच्या शेपटीला झटका बसला की नंतर काही काळ नुसता स्पर्श झाला तरी ती कल्ला जोरात आत ओढून घेते. म्हणजे झटका तिच्या लक्षात राहिलेला असतो. ते लक्षात राहण्यात पेशीच्या आत कोणता रेणू गुंतलाय हे शोधलं, तर निघाला तोच, सायक्लिक एएमपी. चिलट आणि गोगलगाय यांच्या वंशाच्या वाटा 50 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या. तरी आठवण धरायची तर दोघांच्या शरीरात यंत्रणा तीच. कँडेल यांना 2000 साली नोबेल मिळालं.

मनाचा अभ्यास चिलटांतून होतो तो असा. ‘मन म्हणजे काय’ असला प्रश्न घेऊन प्रयोगशाळेत शिरलेलं माणूस वर्षभरात हात हलवत बाहेर येतं. तिथं प्रश्न लहान करावा लागतो, इतका लहान की उत्तर हो किंवा नाही असंच यावं. त्या लहान प्रश्नात ज्याचा जीव रमतो, तोच तिथं टिकतो.

आणि ही विद्या आपल्याकडे नवी नाही. ओबैद सिद्दीकी यांनी 1962 पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे बंगळूरची एनसीबीएस ही जीवशास्त्राची संस्था त्यांनीच घडवली. बेन्झरांच्या सोबत त्यांनी अशा चिलटांवर काम केलं, जी ऊब वाढली की लुळी पडत आणि गार झालं की उठून चालू लागत. अशा एका वाणातला दोष पुढं सोडियमची ये-जा सांभाळणाऱ्या जनुकात निघाला. माणसातही त्याच कुळातलं एक जनुक आहे. त्यात बिघाड असला की काही तान्ह्या मुलांना ताप चढल्यावर झटके येतात. लुळ्या पडणाऱ्या चिलटांकडं पाहताना त्या लेकरांचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता, हे लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत तेच येणार आहे.

आता भाऊजींकडं येऊ.

सर्पगंधा तुम्ही ऐकली असेल. तिची मुळी पिढ्यान् पिढ्या वेडावर आणि झोपेसाठी दिली जायची. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी लेख लिहिला: मनोरुग्ण शांत होतात, रक्तदाबही उतरतो. 1949 साली मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव इंग्लंडच्या हृदयविकाराच्या नियतकालिकात छापले आणि जगाचं लक्ष त्या मुळीकडं गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातलं मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळं काढण्यात आलं. मग स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना देऊन पाहिलं. ससे जागच्या जागी थिजले, कान पडलेले, हालचाल नाही. त्यांनी त्या सशांना एल-डोपा नावाचं द्रव्य टोचलं, आणि थोड्या वेळात ससे उठून फिरू लागले. हे 1957 सालचं. रेसर्पिननं मेंदूतलं डोपामिन, म्हणजे पेशींचे निरोप नेणारं एक रसायन, संपलं होतं, आणि एल-डोपापासून मेंदूनं ते पुन्हा तयार केलं होतं. तोवर डोपामिनला मेंदूत स्वतःचं काही काम असेल असं फारसं कुणी मानत नव्हतं.

यातून पहिला फायदा कुणाला झाला? हातपाय थरथरून ताठरणाऱ्या पार्किन्सनच्या रुग्णांना. एल-डोपा आजही त्यांचं मुख्य औषध आहे. सुरुवात झाली होती मनोरुग्णांपासून, औषध मिळालं दुसऱ्यांनाच.

स्किझोफ्रेनियाचं पहिलं प्रभावी औषध, क्लोरप्रोमॅझिन, 1952 साली फ्रान्समध्ये वापरात आलं, आणि ते डोपामिनचा निरोप अडवून काम करतं हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली. औषध आधी, कारण मागाहून. भाऊजींच्या गोळ्याही बहुतेक याच वाटेनं काम करत असतील. डोपामिनला थेट न अडवता दुसऱ्या मार्गानं जाणारं स्किझोफ्रेनियाचं औषध अमेरिकेत मंजूर झालं ते 2024 साली. मध्ये सत्तरएक वर्षं गेली, आणि त्या वर्षांत जगातली फार हुशार माणसं या एका आजारावर झिजली.

हे सगळं सविस्तर सांगितलं ते लेकीला सांगता यावं म्हणून. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, नंतर आणखी काही, आणि हाती येणार एखाद्या लहान प्रश्नाचं उत्तर. त्याचा उपयोग कधी, कुणाला होईल हे तिलाही ठरवता यायचं नाही. काकांना बरं करायला म्हणून ती गेली, तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी चिलटांच्या बाटल्यांपुढं उभी राहून ती स्वतःलाच दोषी ठरवील. घरी आली की काकांच्या चेहऱ्याकडं बघवणार नाही तिला. अशी मुलं मी पाहिली आहेत. आजारी माणसाच्या प्रेमापोटी या वाटेला येतात आणि त्या प्रेमाच्या ओझ्याखाली मोडतात. म्हणून तिला स्वच्छ सांगा की काकांना बरं करणं तुझ्यावर नाही. तुमच्या तोंडून ते ऐकणं तिला गरजेचं आहे, कारण घरात हे कुणी कुणाला सांगितलेलंच नसणार.

आणि मग तिला एकच विचारा: उद्या सकाळी काका पूर्ण बरे होऊन उठले, तर परवा तू प्रयोगशाळेत जाशील का?

ती काय म्हणेल ते मला ठाऊक नाही, पण तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं. काकांविषयी तिचं एकही वाक्य त्यात नाही. तो तुमचा अंदाज आहे, आईचा, आणि तो खरा असू शकतो. चिलटांचं मात्र तुम्ही प्रयोगशाळेत न जाता इतकं नेमकं लिहिलंय की जेवताना ती किती रंगून सांगत असेल ते दिसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. काकांमुळं तिचं लक्ष मेंदूकडं वळलं असेल आणि नंतर ती चिलटांतच रमली असेल. तसं असेल तर काळजीचं काही नाही.

भाऊजींसाठी जे करायचं ते संशोधनाची वाट न बघता आज करण्यासारखं आहे, आणि बरंचसं तुम्ही करताच आहात. गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, बरं वाटलं तरी. या गोळ्यांनी वजन आणि साखर वाढू शकते, तेव्हा ती तपासणी अधूनमधून होतेय ना ते पाहा. घरात सतत टोमणे, दोष काढणं चालू असेल तर आजार उलटण्याचा संभव वाढतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांतून पुढं आलेलं आहे. भावकीतल्या बायकांना एवढं जरूर सांगा. मी सर्पगंधेची गोष्ट सांगितली म्हणून कुणी मुळीचं चूर्ण आणून देईल, तर अजिबात देऊ नका. रेसर्पिननं माणसं खोल उदासीत गेल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय, आणि चालू औषधांबरोबर ते धोक्याचं आहे. रात्री-अपरात्री अडचण आली तर सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

अभ्यासानं वेड लागत नाही. ते बोलणं सोडून द्या. रक्ताचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो मुलीच्याही मनात असेल. जवळच्या नात्यात हा आजार असला की धोका इतरांपेक्षा थोडा वाढतो, पण बहुतेक पुतण्या-भाच्यांना तो होत नाही. एकाच गर्भातून विभागलेली, अगदी सारखी जुळी घेतली आणि त्यातल्या एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला तो होत नाही. लग्न ठरवताना काकांचा आजार लपवू नका. ज्या घराला तो खुपेल, त्या घरात तुमची मुलगी तशीही सुखी झाली नसती.

उंदरांचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, मी ते गोड करून सांगणार नाही. मेंदूच्या काही प्रयोगशाळांत उंदीर वापरतात आणि प्रयोगाच्या शेवटी त्यांना मारावं लागतं. त्यासाठी कायदा आहे, संस्थेच्या समितीची आधी परवानगी लागते, कमीत कमी प्राणी, कमीत कमी वेदना असा नियम आहे. तरी ज्याला ते जमत नाही त्याला जमत नाही, आणि माळकरी घरातल्या मुलीला ते जड जाणं मला कमीपणाचं वाटत नाही. पण प्रयोगशाळा निवडणं तिच्या हातात असतं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत राघव राजन यांच्याकडे झेब्रा फिंच पक्षी गाणं कसं म्हणतात त्यावर काम चालतं. माणसांना यंत्रात झोपवून मेंदूची चित्रं घेणारे आहेत, नुसत्या संगणकावर पेशींची गणितं मांडणारे आहेत. चिलटंही मरतातच. तिचं मन कुठंवर तयार आहे ते तिनंच आधी ठरवावं आणि मुलाखतीत न लाजता विचारावं.

वडिलांना सांगण्यासारखं थोडं. बी.एस्सी.नंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देता येते. तिच्यातून मोठ्या संस्थांमधल्या एम.एस्सी.ला आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम.एस्सी.-पीएच.डी.च्या जोड अभ्यासक्रमाला जाता येतं. पुण्याच्या आयसरमध्येही तसा जोड अभ्यासक्रम आहे. टीआयएफआर आणि एनसीबीएससाठी स्वतंत्र परीक्षा असते, साधारण डिसेंबरात. टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य भावना आणि ताणतणावाचा मेंदूवर होणारा परिणाम अभ्यासतात, त्यांना 2015 साली भटनागर पुरस्कार मिळाला. लेकीनं त्यांचं काम जरूर वाचावं. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, बंगळूरला निम्हान्स ही मनाच्या आणि मेंदूच्या आजारांची संस्था. दुसरा मार्ग म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. करून नेट द्यायची. घराजवळ राहून शिकता येतं, आणि नेटमध्ये वरच्या गुणांनी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर 2023 पासून ती दरमहा 37,000 रुपये आहे, वर घरभाडं. पीएच.डी.साठी बाग गहाण टाकावी लागत नाही, हे त्यांना आधी सांगा. हीच नेट कॉलेजात प्राध्यापक व्हायलाही चालते, म्हणजे शिकवण्याची वाट बी.एड. न करताही उघडी राहते. मात्र कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्यांच्यासाठी तिशी उलटेपर्यंत थांबावं लागू शकतं. हे वडिलांपासून लपवू नका. त्यांची भीती अडाणीपणाची नाही.

लेकीला माझ्याकडून एकच निरोप: संख्याशास्त्र आणि संगणकावर थोडं प्रोग्रॅमिंग आतापासून शिक. आपल्याकडची प्राणिशास्त्राची मुलं तिथंच मागं पडतात. चिलटं मोजता येतात, पण मोजलेल्याचा अर्थ लावताना घाबरतात. आणि तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीचा अर्ज भर. दुसरी एक प्रयोगशाळा बघ, चिलटं नसलेली, म्हणजे आपल्याला चिलटं आवडली की पुणं, ते कळेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, भाऊजींना सांगायचं का. सांगा, आणि ते लेकीनंच सांगावं. ते आजारी आहेत, अजाण नाहीत. पुतणी काय शिकते हे त्यांना बाहेरच्यांकडून कळणं बरं नाही. पण तिला एक बजावून ठेवा. काकांच्या बोलण्याची टिपणं काढायची नाहीत, त्यांचं वागणं मोबाईलवर टिपायचं नाही, कॉलेजच्या प्रकल्पात त्यांना उदाहरण म्हणून घालायचं नाही. पुढं कधी एखाद्या संस्थेत अशा कुटुंबांचा अभ्यास चालू असेल आणि रक्त द्या, तपासणीला या असं विचारलं, तर कागद आधी भाऊजींच्या हातात जावा, त्यांच्या डॉक्टरांनी तो त्यांना समजावून सांगावा, आणि ते नको म्हणाले तर लेकीनं पुन्हा विचारू नये.